रक्तदाब आणि रात्रीची झोप

रक्तदाब वाढलेला माणूस वैद्यकीय सल्ला घ्यावयास गेला की त्याला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. मीठ किती खाता, चालावयास जाता का आणि गोळी नियमाने घेता का. चौथा प्रश्न क्वचितच विचारला जातो: रात्री झोप कशी लागते? डॉक्टर विचारीत नाहीत आणि रोगीही आपण होऊन सांगत नाही. झोप ही त्याच्या मते वयाची, काळजीची किंवा नशिबाची गोष्ट असते. ‘आता ह्या वयात कसली आली आहे झोप!’ असे म्हणून तो कूस बदलतो आणि सकाळी पुन्हा मिठाचा हिशेब करू लागतो. ह्या चौथ्या प्रश्नाचे रक्तदाबाशी किती जवळचे नाते आहे, ते उलगडून दाखवावे, एवढाच आमचा येथे हेतू आहे.

हा विषय मूठभर लोकांचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेली एक मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत प्रौढांपैकी शेकडा ३५.५ जणांचा रक्तदाब वाढलेला आढळला. म्हणजे कोणत्याही सभागृहात ओळीने बसलेल्या तिघांपैकी एकाचा हा प्रश्न आहे, असे म्हणावयास हरकत नाही. शिवाय हा रोग मुका आहे. दात दुखला तर माणूस रात्रीच्या रात्री धडपडतो. परंतु वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस अर्धांगवायू, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार ह्यांच्या रूपाने एकदम उभा राहतो. अशा मुक्या रोगाच्या बाबतीत रात्रीची झोप ही अनेकदा पहिली साक्ष देते. ती ऐकावयाची की नाही, एवढाच प्रश्न असतो.

शितावरून भाताची परीक्षा

प्रथम रक्तदाब म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. हृदय मिनिटाला सुमारे ७० वेळा आकुंचन पावते, म्हणजे दिवसरात्र मिळून सुमारे एक लक्ष वेळा. प्रत्येक आकुंचनाबरोबर रक्त धमन्यांत लोटले जाते आणि त्यांच्या भिंतींवर भार येतो. आकुंचनाच्या वेळचा भार हा वरचा आकडा. हृदय सैल पडते त्या वेळी उरलेला भार हा खालचा आकडा. इंग्लंडातील स्टीफन हेल्स ह्या धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी बसवून रक्ताचा स्तंभ किती उंच चढतो ते पाहिले आणि १७३३ साली ते प्रसिद्ध केले. माणसाच्या बाबतीत असला प्रयोग रोजच्या उपयोगाचा नव्हता. इटलीच्या रिव्हा-रॉच्ची ह्यांनी १८९६ साली दंडाला बांधावयाचा हवेचा पट्टा तयार केला आणि १९०५ साली रशियाच्या कोरोत्कॉव्ह ह्यांनी पट्ट्याखालील धमनीचे ध्वनी ऐकून दोन्ही आकडे ओळखण्याची युक्ती सांगितली. आजही दवाखान्यात पट्टा बांधून कानाला नळी लावतात, ती ह्या दोघांचीच पुण्याई होय. दवाखान्यात वारंवार मोजूनही १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा आला, तर रक्तदाब वाढला आहे, असे सामान्यतः समजतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण रक्तदाबाचे तसे नाही. जिना चढला की तो वाढतो, रागावले की वाढतो, बोलत असताना मोजला तर वाढतो; डॉक्टर समोर येऊन उभे राहिले, एवढ्यानेही काहींचा वाढतो. चोवीस तासांतील एका मिनिटाचा आकडा हातात घेऊन आपण बाकीच्या तेवीस तास एकोणसाठ मिनिटांविषयी निर्णय देत असतो. आणि ह्या न पाहिलेल्या वेळातला सर्वांत मोठा सलग तुकडा म्हणजे रात्र.

रात्रीचा उतार

ही रात्र वैद्यकाला दिसू लागली, त्याला फार काळ झालेला नाही. १९६० नंतरच्या दशकात ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी हिंडत्याफिरत्या माणसाच्या धमनीतील दाब अखंड नोंदण्याची सोय केली आणि १९६९ साली त्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. माणूस झोपला की दाब उतरतो आणि जागा होण्याच्या सुमारास पुन्हा चढतो, हे त्यांत स्पष्ट दिसले. पुढे दंडावरचा पट्टा ठरावीक अंतराने आपोआप फुगवून चोवीस तासांची नोंद ठेवणारी लहान यंत्रे आली आणि ही पाहणी सुईवाचून होऊ लागली.

निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसाच्या सरासरीपेक्षा शेकडा १० ते २० इतका उतरतो. दिवसाची वरच्या आकड्याची सरासरी १४० असेल, तर रात्रीची ११२ ते १२६ ह्यांच्या दरम्यान यावयास हवी. हा उतार म्हणजे धमन्यांची रोजची विश्रांती. काही लोकांत मात्र हा उतार पडतच नाही, किंवा अगदीच थोडा पडतो. काहींचा दाब तर रात्री उलट वाढतो. १९८८ साली आयर्लंडमधील ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांची ‘उतरणारे’ आणि ‘न उतरणारे’ अशी विभागणी केली आणि न उतरणाऱ्यांत अर्धांगवायू होऊन गेलेल्यांचे प्रमाण अधिक असल्याचे दाखवले. जपानातील ओहासामा येथील रहिवाशांची दीर्घकाळ पाहणी झाली. रात्रीचा उतार शेकडा ५ इतका कमी पडला, तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे शेकडा २० वाढतो, असे तीत आढळले. दिवसाचा आकडा ठीक असणाऱ्यांतही हे दिसून आले, ही विशेष लक्ष देण्याजोगी गोष्ट आहे. दवाखान्यातला आकडा उत्तम, म्हणून निश्चिंत असलेल्या माणसाच्या धमन्या रात्रभर ओझे वाहत असू शकतात.

हा उतार का पडतो, हे समजावयाचे तर झोपेची घडण समजली पाहिजे. झोप म्हणजे दिवा मालवल्यासारखी एकजिनसी अवस्था नव्हे. १९५३ साली शिकागो येथे असेरिन्स्की आणि क्लाइटमन ह्यांनी झोपेत मधूनमधून मिटल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात, हे दाखवले. हीच बहुधा स्वप्नांची वेळ असते. आज आपण जाणतो की, रात्री सुमारे नव्वद मिनिटांचे चार-पाच फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नझोप येते. पहिल्या प्रहरात गाढ झोपेचा वाटा मोठा असतो, पहाटेकडे स्वप्नझोपेचा.

आपल्या शरीरात मज्जातंतूंच्या दोन यंत्रणा आहेत. एक धावपळीची, म्हणजे अनुकंपी. दुसरी विश्रांतीची, म्हणजे परानुकंपी. गाढ झोपेत पहिलीचा आवाज खाली बसतो, नाडी मंद होते, धमन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. स्वप्नझोपेत ती यंत्रणा पुन्हा उसळते. त्या वेळी तिचा जोर जागेपणापेक्षाही अधिक असू शकतो. तेव्हा रात्रीचा उतार पुरा मिळावयाचा असेल, तर गाढ झोप पुरेशी आणि सलग मिळणे अवश्य आहे. ज्याची झोप दर थोड्या वेळाने मोडते, तो आठ तास अंथरुणात असला तरी त्याच्या धमन्यांना आठ तासांची सुट्टी मिळालेली नसते. तास किती, एवढेच विचारून भागत नाही. झोपेचा कसही विचारावा लागतो.

कस मोजावयाचा कसा?

हा कस मोजण्याची साधी मापे आहेत. दिवा मालवल्यापासून अर्ध्या तासाच्या आत झोप लागावी. रात्री पाच मिनिटांहून अधिक काळ जाग एखाद्याच वेळी यावी. झोप लागल्यानंतरच्या जागेपणाची एकूण बेरीज वीस मिनिटांच्या पुढे जाऊ नये. आणि अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी निदान शेकडा ८५ वेळ प्रत्यक्ष झोपेत जावा. आठ तास पडून राहिलात, तर त्यांत पावणेसात तासांहून थोडी अधिक झोप पदरात पडली पाहिजे. १९८९ साली पिट्सबर्ग येथे एकोणीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. तीत शून्यापासून एकवीसपर्यंत गुण असतात आणि पाचांच्या वर गुण गेले की झोप निकृष्ट समजतात. येथे जास्त गुण मिळवणारा नापास होतो, हे विसरू नये.

झोप तोडली तर दाबाचे काय होते, ह्याचेही प्रयोग झाले आहेत. १९९९ साली इटलीतील संशोधकांनी सौम्य रक्तदाब असलेल्या रोग्यांना एका रात्री पुरते झोपू दिले आणि एका रात्री निम्मी रात्र जागवले. जागरणाच्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी त्यांचा दाब व नाडीचा वेग दोन्ही वाढलेले आढळले. अमेरिकेत मध्यमवयीन लोकांची पाच वर्षे पाहणी करून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोजच्या झोपेत जितके तास कमी, तितकी रक्तदाब जडण्याची शक्यता अधिक, असे त्यांतून निघाले. अमेरिकन हार्ट असोसिएशन ही संस्था हृदयाच्या आरोग्यासाठी सात गोष्टी सांगत असे. २०२२ साली तिने त्यांत आठवी घातली, ती झोप होय. प्रौढांसाठी सात ते नऊ तास हे प्रमाण तिने सांगितले आहे.

हे ऐकून ज्यांना आधीच झोपेची चिंता आहे त्यांनी अधिकच घाबरून जाण्याचे कारण नाही. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियामध्ये एक हजार सातशेंहून अधिक लोकांची झोप प्रयोगशाळेत एक रात्र नोंदली गेली. झोप येत नाही अशी दीर्घ तक्रार असून जे प्रत्यक्षातही पाच तासांपेक्षा कमी झोपले, त्यांच्यात रक्तदाबाची शक्यता सुमारे पाचपट दिसली. परंतु तक्रार असूनही जे नोंदीत सहा तासांहून अधिक झोपले होते, त्यांच्यात अशी लक्षणीय वाढ दिसली नाही. ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही’ असे सांगणारा माणूस पुष्कळदा बऱ्यापैकी झोपलेला असतो. त्याची तक्रार खोटी नसते. पण तिच्यातून रक्तदाबाची भीती काढून टाकली, तर ती तक्रारही निम्मी होते.

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

आता एका मोठ्या गैरसमजाकडे वळू. घरात कोणी मोठ्याने घोरू लागला की आपण म्हणतो, ‘काय कुंभकर्णासारखी झोप लागली आहे!’ घोरणे हे आपल्याकडे गाढ झोपेचे लक्षण आणि चेष्टेचा विषय समजले जाते. वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. गळा जाड असला, जबड्याची ठेवण तशी असली किंवा नाक चोंदलेले असले की श्वासाची वाट अरुंद होते आणि तिच्या भिंती थरथरून आवाज होतो. काहींमध्ये ही वाट दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक काळ बंदच पडते. छाती श्वासासाठी धडपडते, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, धावपळीची यंत्रणा उसळते, दाब झर्रकन चढतो आणि मोठा सुस्कारा टाकून माणूस पुन्हा घोरू लागतो. हे तासाला पंधरा, तीस, कधी साठ वेळाही घडते. सकाळी त्याला ह्यातले काही आठवत नाही. तोंड कोरडे पडलेले, डोके जड आणि दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी, एवढाच पुरावा मागे राहतो.

ह्या श्वासरोधाचा आणि रक्तदाबाचा संबंध आता निर्विवाद आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे ७०९ लोकांची चार वर्षे पाहणी झाली आणि ती २००० साली प्रसिद्ध झाली. तासाला पंधरा किंवा अधिक वेळा श्वास अडणाऱ्यांत रक्तदाब दिसण्याची शक्यता, श्वास मुळीच न अडणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होती. आणखी एक गोष्ट तर प्रत्येक रोग्याने कानात साठवून ठेवावी. तीन तीन औषधे घेऊनही ज्यांचा दाब आटोक्यात येत नव्हता, अशा ४१ रोग्यांची टोरांटो येथे तपासणी झाली; २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या तपासणीत शेकडा ८३ जणांना श्वासरोध असल्याचे निघाले. ‘गोळ्या वाढवतात, पण दाब काही उतरत नाही’ ही तक्रार जेथे असेल, तेथे रोग्याबरोबरच त्याच्या शेजारी निजणाऱ्या माणसालाही दोन प्रश्न विचारले पाहिजेत: हे घोरतात का, आणि घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो का? रोग्याच्या झोपेचा खरा साक्षीदार तोच असतो. स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच अगत्याचे आहे. पाळी गेल्यानंतर त्यांच्यात श्वासरोधाचे प्रमाण वाढते. परंतु बाईमाणसाने घोरणे लाजिरवाणे समजले जात असल्यामुळे ती बोलत नाही आणि घरातले विचारीत नाहीत.

ह्यावर उपाय आहेत. वजन उतरवणे, मद्य वर्ज्य करणे, पाठीवर न निजता कुशीवर निजणे आणि नाक मोकळे राखणे हे पहिले उपाय. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन ह्यांनी १९८१ साली नाकावाटे हवेचा सौम्य दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारे यंत्र पुढे आणले; मध्यम व तीव्र श्वासरोधावर आजही तेच मुख्य साधन आहे. ह्याही बाबतीत अतिशयोक्ती नको. ह्या यंत्राने रक्तदाब सरासरीने दोन-तीन अंकच उतरतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्याच्या योगाने हृदयविकार किंवा अर्धांगवायू कमी झाल्याचे दिसले नाही. त्या चाचणीतील लोक यंत्र रात्रीतून सरासरी साडेतीन तासही लावीत नव्हते, हेही सांगावयास हवे. घोरणे व दिवसाची गुंगी मात्र त्यात कमी झाली. यंत्र हे गोळीला जोड आहे, तिची बदली नव्हे.

सर्पगंधेचा धडा

येथवर आल्यावर साहजिकच कोणी विचारील की, झोपेने दाब उतरत असेल तर झोपेची गोळी घेतली म्हणजे दोन्ही कामे होणार नाहीत काय? ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच देशातील एका मुळीच्या इतिहासात सापडते. सर्पगंधेची मुळी वेडावर आणि झोपेसाठी देण्याचा प्रघात बिहारात जुना होता. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनी ती वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर, अशा दोहोंवर गुणकारी असल्याचे लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील ह्यांनी ती पद्धतशीरपणे रक्तदाबाच्या ५० रोग्यांना देऊन पाहिली आणि आपले निष्कर्ष १९४९ साली इंग्लंडातील हृदयरोगविषयक नियतकालिकात छापले. सगळ्या जगाचे लक्ष त्या लेखाने सर्पगंधेकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. मुंबईच्या एका वैद्याच्या निरीक्षणाने जगाच्या औषधपेटीत भर पडली, ही अभिमानाची गोष्ट आहे.

दाब उतरवणारी आणि झोप आणणारी ती एकच मुळी, तेव्हा झोप आली म्हणून दाब उतरला, असे कोणासही वाटेल. पण खरा प्रकार निराळा होता. रेसर्पीन हे अनुकंपी तंतूंच्या टोकांशी साठवलेले उत्तेजक द्रव्य रिते करते. दाब उतरतो तो त्यामुळे. गुंगी ही त्याच्या मेंदूवरील क्रियेची दुसरी बाजू होय. आणि त्या गुंगीबरोबर नाक चोंदणे, वाईट स्वप्ने पडणे आणि मोठ्या मात्रेत मन खिन्न होणे हेही येऊ लागले. पुढे अधिक सोयीची औषधे आल्यावर रेसर्पीन मागे पडले. सर्पगंधेचा धडा असा की, गुंगी वेगळी आणि झोप वेगळी. झोपेच्या नेहमीच्या गोळ्या हे रक्तदाबाचे औषध नव्हे. उलट श्वासरोध असलेल्या माणसाला काही गोळ्या घातकही ठरतात, कारण त्या घशाचे स्नायू अधिकच सैल करतात. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची गोळी मागून घेणे, हा प्रकार तर सर्वथा टाकून द्यावा.

गोळीची वेळ आणि गोळीचा त्रास

रक्तदाबाची गोळी रात्री घ्यावी की सकाळी, ह्याविषयी मध्यंतरी बराच गोंधळ झाला. स्पेनमधील एका अभ्यासाने २०१९ साली रात्रीच्या गोळीचा फार मोठा फायदा सांगितला. त्याच्या पद्धतीवर अनेक जाणकारांनी शंका घेतल्या. मग ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक रोग्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. सकाळी घ्या किंवा संध्याकाळी घ्या, हृदयविकार, अर्धांगवायू व त्यांमुळे येणारे मृत्यू ह्यांत फरक पडला नाही. तेव्हा जी वेळ चुकत नाही ती वेळ उत्तम, एवढेच धोरण सामान्य रोग्याने ठेवावे.

ह्याला एक अपवाद व्यवहारातून निघतो. लघवी वाढवणारी, म्हणजे मूत्रल, गोळी संध्याकाळी घेतली तर रात्री दोन-तीनदा उठावे लागते आणि झोप मोडते. काही औषधांनी कोरडा खोकला लागतो, तो रात्री छळतो. हृदयाची गती मंद करणारी काही औषधे शरीरातील झोपेच्या संप्रेरकाची निर्मिती घटवतात. काहींना त्यांनी भयंकर स्वप्ने पडतात. असे काही जाणवले तर गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना सांगावे आणि वेळ किंवा औषध बदलून घ्यावे. बदलण्यास पुष्कळ वाव असतो. सांगावे मात्र लागते.

रात्री उठण्याचे आणखी एक कारण आपल्या ताटात असते. जास्तीचे मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, आणि दिवसा पायांत साठलेले हे पाणी आडवे झाल्यावर वर सरकते. काही मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून रात्री उठावे लागते. काही मानेच्या भागात येऊन श्वासाची वाट अधिक चिंचोळी करते. जपानातील नागासाकी येथे मीठ कमी केलेल्या लोकांचे रात्रीचे उठणे कमी झाले, असे २०१७ साली सांगण्यात आले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमांहून कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी, मीठ सांगते. ह्यात लोणचे, पापड, सांडगे आणि फरसाण ह्यांतले मीठही धरावयाचे असते. पहिला प्रश्न आणि चौथा प्रश्न येथे असे एकमेकांना भेटतात.

करावयाचे काय?

उपाय साधे आहेत. अवघड आहे ते सातत्य. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, रविवारीही. निजण्याची वेळ मागेपुढे झाली तरी चालेल, उठण्याची ढळू नये. शरीरातील घड्याळाला किल्ली मिळते ती सकाळच्या उजेडाने. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. तिचा अंमल कित्येक तास राहतो. तंबाखू, विडी आणि मशेरी ह्या तिन्हींतील निकोटीन झोप उडवते आणि दाबही चढवते. निजण्यापूर्वी मशेरी लावल्याखेरीज झोप येत नाही असे म्हणणाऱ्या माउलीला ती झोप देत नसून केवळ तलफ शमवत असते. मद्याने डोळा लवकर लागतो हे खरे, पण उत्तररात्रीची झोप ते फाडून टाकते आणि घोरणे वाढवते. रात्रीचे जेवण हलके व लवकर असावे. अंथरुणात मोबाइल घेऊन पडणे म्हणजे साऱ्या गावाच्या कटकटींना उशाशी बोलावणे होय.

वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर पडून राहून झुंजू नये. उठावे, मंद उजेडात शांत बसावे आणि पेंग आली की पुन्हा अंथरुणावर यावे. अंथरूण आणि जागरण ह्यांची मनातली गाठ सोडवण्याचा हा अभ्यास आहे. जुनाट निद्रानाशावर अशा वर्तनोपचारांनाच पहिले स्थान द्यावे, असे अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख संस्थेने २०१६ साली सांगितले, गोळ्या त्यानंतर.

आणि डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांचा एक कागद बरोबर न्यावा. निजलो केव्हा, उठलो केव्हा, मध्ये किती वेळा जाग आली, घोरण्याविषयी घरचे काय म्हणतात, सकाळ-संध्याकाळचा दाब किती. दाब घरी मोजताना पाच मिनिटे शांत बसावे, पाठीला टेका द्यावा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि बोलू नये. गरज वाटल्यास डॉक्टर चोवीस तासांची नोंद किंवा झोपेची तपासणी सांगतील.

हे केवळ ज्याचे त्याचे काम नव्हे

परंतु सगळा भार रोग्याच्याच शिरावर टाकून मोकळे होणे न्यायाचे नाही. यंत्राच्या घरघरीत रातपाळी करणारा कामगार, पहाटेची बस काढणारा चालक, आठवड्याआठवड्याला पाळी बदलणारी परिचारिका ह्यांना ‘रोज एकाच वेळी उठा’ असे सांगणे सोपे आहे. दोन खोल्यांत सहा माणसे राहत असतील, तर निजावयाची वेळ घर ठरवते, माणूस नव्हे. सर्वांच्या मागून निजणारी आणि सर्वांच्या आधी पाण्यासाठी उठणारी गृहिणी सात तास कोठून आणणार? तिच्या पहाटेतला अर्धा तास घरातल्या पुरुषांनी आपल्या अंगावर घेतला, तर ते तिला कोणत्याही गोळीइतकेच हितकर होईल.

आणि आवाजाचे काय? युरोपातील सहा विमानतळांभोवतीच्या वस्तीची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. रात्रीच्या विमानांचा आवाज वाढला तसे रक्तदाबाचे प्रमाण वाढले. इतकेच नव्हे, तर माणूस जागा न होताही आवाजासरशी त्याचा दाब चढत होता. कान झोपत नाहीत, असाच ह्याचा अर्थ. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र मानली आहे आणि निवासी भागात ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. ही मर्यादा कागदावर आहे. तिला रस्त्यावर आणणे आपल्या हाती आहे. मांडवातला कर्णा अकरानंतर वाजतो तेव्हा आपण उत्सव करतो अशी आपली समजूत असते; शेजारच्या चाळीतल्या म्हाताऱ्याच्या धमन्यांना मात्र तो एक जास्तीचा भार असतो.

चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्य ह्यांच्या बरोबरीने निद्रा हा शरीराचा एक उपस्तंभ मानला. रक्तदाब मोजण्याचा पट्टा तेव्हा नव्हता, परंतु खांब काढला तर छप्पर खचते, हे जाणण्यास पट्टा लागत नाही. आज त्या खांबावर किती भार आहे हे आकड्यांत सांगता येते, एवढाच फरक. तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात मीठ, चालणे आणि गोळी हे तीन प्रश्न झाले आणि चौथा कोणी विचारला नाही, तर आपणच सांगावे: ‘डॉक्टर, माझ्या झोपेविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत.’